पाठराखीण

निंभोऱ्याच्या स्टेशनात केळीच्या वॅगनी भरताना
सुपडू बोरोले दाराला डावा कान लावायचा.
उजवा उरलाच नव्हता कामाचा;
तो लढाईत, बॉयलरखोलीत,
पाण्याखालच्या धमाक्यांपाशी ठेवून आला होता.

समुद्र पाहिलेला गावात तो एकटाच.
आणि त्यानं तरी किती पाहिला?
"आम्ही खाली राहू. लोखंडाच्या पल्याड तो.
हात लावला का गार."
एवढंच वर्णन.

पारावर कुणी विचारलं,
"तुह्यं जहाज करे काय रे? लढे?"
त्यानं विडी विझवली.
"लढे बी. पण मूळ काम पाठराखणीचं.
नवऱ्या म्हंजे दुसऱ्या बोटी. गहू, तेल, खेचरं, बूट भरलेल्या.
त्यांच्यासंगं जाणं, पोचवणं,
ना साडी ना चोळी, तसंच माघारी फिरणं.
सगळ्यात लंगडी जी बोट, तिची चाल ती आपली चाल."

त्याची बहीण गोदूमाय घागर घेऊन तिथूनच चालली होती.
आळीतल्या चाळीसेक पोरी तिनं सासरी पोचवलेल्या.
ती थांबली.
"मंग थकली असन रे ती, माय."

जहाजाचं जन्मनाव कुठल्याशा थंड देशातल्या पाखराचं,
सुपडूच्या तोंडी ते कधी नीट बसलं नाही.
स्वराज्य आलं. भावकीत भांडी वाटतात तशी जहाजं वाटली.
जोडीची बहीण कराचीला गेली,
ही इकडे राहिली, आणि बोहल्यावर बदलावं तसं
हिचं नाव बदललं: पूर्णा.
सुपडूनं घरी कार्ड टाकलं,
'आपली चांगदेवची नदी आता माझ्या डोक्यावर आहे,
मी तिच्या पोटात. काळजी नसावी.'

छप्पन साली तो उतरला. ती नाही उतरली.
तोफा काढून तिला पोरं शिकवायला लावलं.
ते सुटलं, तर समुद्राचा तळ मोजत बसली.
तेही नव्या बोटीला दिलं, आणि धक्क्याला बांधून
तिच्यात बदलीवरच्या खलाशांच्या खाटा मांडल्या.
कुणी म्हातारी म्हणे, कुणी धर्मशाळा.
दरसाल भंगाराच्या यादीत नाव लागे,
दरसाल कुणी साहेब म्हणे, काढेल अजून एक वर्ष.

इकडे सुपडू केळीसंगं दिल्लीला जाई,
सोसायटीनं नेमलेला, पगार बेताचा.
इटारशीला गाडी बाजूला टाकली की रात्री उतरून
एकेका वॅगनच्या पत्र्यावर तळहात ठेवी.
ऊब चढली म्हणजे आत माल पिकायला लागला.
मग मास्तरच्या टेबलापुढे उभा राही,
गाडी सुटेपर्यंत. काही न बोलता.

अठ्ठ्याहत्तरच्या वैशाखात कुट्टप्पनचं पत्र आलं,
जुना सोबती, आता मुंबईत.
'दारूखान्यात तोडतायत. यायचं तर लवकर ये.'
सुपडूनं ते दोनदा वाचलं, मग खिशात घातलं.
अठरा वॅगनी भरून उभ्या होत्या.
तो दिल्लीला गेला.
नऊ दिवसांनी परतला तेव्हा घरी एक पार्सल होतं,
त्यात पितळी चकती, व्हॉल्व्हवरची, आकडा चार.
ती त्यानं विहिरीवरच्या इंजिनाला तारेनं बांधली.
इंजिन एकच होतं. तरी चार.

त्याच साली गोदूमायचे गुडघे गेले.
दोधूच्या पोरीला बऱ्हाणपूरला पोचवायला कोणी बाई मोकळी नव्हती.
सुपडू धुतलेली टोपी घालून जीपमध्ये जाऊन बसला.
बाया पदर तोंडाला लावून हसल्या.
नवरीसुद्धा, रडता रडता.
रावेर ओलांडल्यावर ड्रायव्हरनं वेग धरला.
मागे वऱ्हाडाचा ट्रॅक्टर, भांड्यांनी, पोरांनी लादलेला,
धुरळ्यात दिसेनासा झाला.
सुपडूनं ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला.
"थांब. तो येऊ दे."